रोड बाइकवर हाडं खिळखिळी होतायत? या चुका टाळा

रोड बाइकला, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलला, सस्पेन्शन नसतं, तेव्हा धक्के बसणारच, असं धरून लोक जेलचं सीट कव्हर नाहीतर नवा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) शोधायला लागतात. बहुतेक वेळा दोष टायरमधल्या हवेचा असतो.

टायरच्या कडेवर छापलेला ‘मॅक्स’ आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. ७० किलोच्या चालकाला २८ मिमी रुंदीच्या, ट्यूब असलेल्या टायरमध्ये मागे ७०-७५ आणि पुढे ६५-७० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) साधारण पुरते. १०० भरली की टायर दबत नाही, खडबडीत डांबरावर सायकल उडत राहते आणि वेगही जातो. अंगठ्याने दाबून बघण्यात अर्थ नाही; ७० आणि १०० दोन्ही सारखेच कडक लागतात. गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला पंप घ्या आणि दर फेरीला ५ पीएसआय उतरवत जा. खड्ड्यात रिम आपटू लागली, किंवा पंक्चर ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, की ५-१० वाढवून तिथेच थांबा. हूकलेस रिमवर (जिच्या कडेला टायर अडकवणारा आकडा नसतो) मात्र ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, कधीच ओलांडू नका. टायर आणि रिम कंपनीने याहून कमी आकडा दिला असेल, तर तोच पाळा.

धक्के कमी करायला रुंद टायर घेण्याआधी फ्रेम, फोर्क आणि ब्रेकमधली जागा मोजा. सगळीकडे किमान ४ मिमी मोकळी हवी. रुंद रिमवर २८चा टायर ३० मिमीपर्यंत भरतो, हे विसरलं जातं.

रोड फ्रेमला हायब्रिड सायकलचा सस्पेन्शन फोर्क लावणं ही सगळ्यात महाग चूक. रोड फोर्कची ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतची (फोर्कच्या माथ्यापर्यंतची) उंची ३७० मिमीच्या आसपास, तर ६३ मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे तेवढं दबणाऱ्या) फोर्कची ४५० किंवा जास्त. पुढचा भाग ८ सेंमी उचलला जातो, हेड ट्यूबचा (हँडलखालच्या नळीचा) कोन जवळजवळ ४ अंशांनी मागे झुकतो, स्टिअरिंग बोजड होतं. शिवाय वजन वाढतं ते वेगळंच.

सस्पेन्शन सीटपोस्ट (सीटखालचा स्प्रिंगवाला दांडा) चालतो, पण स्प्रिंग वजनानुसार निवडा आणि उंची सीटवर बसल्यावरच मोजा. पोस्ट भाराने दबतो, त्यामुळे रिकामा असताना लावलेलं माप कमी पडतं आणि गुडघे दुखतात. पोस्ट कार्बन फायबरचा असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी) लावा. क्लॅम्पवर लिहिलेल्या टॉर्कपेक्षा (आवळण्याचा जोर, बहुधा ५ न्यूटन-मीटर) जास्त आवळलात तर तडा जाईल.

आणि हात बधिर होत असतील तर जाड हँडल टेपच्या आधी सीटचं नाक तपासा. ते खाली झुकलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. लेव्हलने सीट सपाट करा.