हेडफोन घ्यायचाय? आधी तासभर डोक्यावर ठेवून बघा

वाशीच्या एका दुकानात मी हेडफोन पाच मिनिटं लावला, आवाज दणदणीत वाटला आणि लगेच घेतला. घरी चाळीस मिनिटांत कानामागे, जिथे चष्म्याची काडी टेकते तिथे, ठणका लागला. तेव्हापासून घरात कुणालाही हेडफोन घ्यायचा असला की मी तो पुढच्या पद्धतीने तपासतो. ओव्हर-इअर हेडफोनमध्ये, म्हणजे ज्याच्या कपात अख्खा कान मावतो त्यात, आराम आणि आवाज या वेगवेगळ्या गोष्टी नाहीतच. गादी कानाभोवती नीट बसली तरच बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, आत राहतो. फट राहिली की सगळ्यात आधी तोच निसटतो.

दुकानात जाताना स्वतःचा फोन न्या आणि त्यात पाठ असलेली पाच-सहा गाणी डाउनलोड करून ठेवा. दुकानदार लावतो ते गाणं हेडफोन खुलून दिसावा म्हणूनच निवडलेलं असतं. चष्मा, कानातलं, केसांचा अंबाडा, जे रोज असतं ते त्या दिवशीही असू द्या.

आधी डोकं, मग कान

हेडबँड दोन्ही बाजूंनी पूर्ण ओढून डोक्यावर ठेवा आणि मग थोडाथोडा आत सरकवा. कानाची पाळी किंवा वरचं टोक गादीखाली दुमडत नाही ना, ते बोटाने चाचपा. कानाचं टोक आतल्या कापडाला टेकत असेल तर तो हेडफोन नको. सुरुवातीला ते जाणवत नाही, पण अर्ध्या तासाने तिथेच दुखू लागतं. आता बुटाची नाडी बांधायला वाकतो तसं वाका, जांभई द्या, मान डावी-उजवीकडे वळवा. हेडफोन घसरला तर पकड सैल आहे. जबडा हलवताना कानशिलं दाबली जात असतील तर पकड जास्त घट्ट आहे.

वजनाचा अंदाज असावा. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४ ग्रॅमचा आहे, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. पण आकड्यापेक्षा ते वजन टाळूवर एकाच जागी पडतं की पसरतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कानातल्यांचा विचार सहसा कुणी करत नाही. आईला हेडफोन लावून दिला, तर दहा मिनिटांत तिने तो काढून ठेवला. “अरे, कुडी टोचतेय मागून.” बघितलं, तर कुडीची फिरकी गादीच्या आतल्या कडेवर बरोबर दाबली जात होती. खोल आणि रुंद कपाचा दुसरा दिला, तेव्हा तिने त्यावर अख्खं कीर्तन ऐकलं.

ठाण्याच्या उकाड्याचं काय, हे दुकानातल्या एसीत कळत नाही. रेक्झीनसारख्या गाद्या बाहेरचा आवाज चांगला अडवतात, पण कान घामेजतात. दमट हवेत काही वर्षांनी त्यांचे पापुद्रेही सुटू लागतात. कापडी गाद्यांतून हवा खेळते, पण बेस थोडा कमी होतो. कुठलीही घ्या, पण बदली गाद्या सुट्या मिळतात का, हे आधीच विचारा.

आवाज कसा पारखायचा

फोनमधला इक्वलायझर (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारी सोय) आणि बेस बूस्ट बंद करा. दोन हेडफोन तुलनेला घेतलेत तर दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो. आता गाणं चालू ठेवून दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबा. बेस एकदम वाढला तर गादी नीट बसत नाहीये. हेच चष्मा काढून आणि घालून करा, काडीमुळे पडणारी फट लगेच कळेल.

खोक्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ला फसू नका. माणसाच्या कानाचा पल्लाच साधारण तेवढा असतो. त्या आकड्याने दर्जा कळत नाही.

माझी कसोटी तबल्याची. डग्ग्यावरचा ‘घे’ घुमला पाहिजे, मनगट दाबल्यावर सूर चढतो तो ऐकू आला पाहिजे. नुसतं ‘धप्प’ आलं तर बेस आहे, पण त्याला आकार नाही. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, ‘ना’ स्वच्छ हवा, पण कानात घुसता कामा नये. मग तंबोरा लावा. जवारीची ती झिलई, एका तारेतून उमलणारे बारीक स्वर, हे स्वस्त हेडफोनमध्ये अनेकदा एका गुणगुणीत विरून जातात. बोलण्यासाठी एखादी मराठी मुलाखत ऐका. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले दोन ‘च’ वेगळे वाटले पाहिजेत, आणि ‘स’, ‘श’ फुत्कारता कामा नयेत. गायकाचा आवाज बरोबर मधोमध येतो का, हेही बघा.

लोकलमधली परीक्षा

नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय, घरात तपासून उपयोग नाही. ठाणे–वाशी लोकलने ऐरोली, रबाळे, घणसोली करत जा. गाडीची एकसुरी घरघर खूप कमी होईल. शेजारच्यांच्या गप्पा आणि फेरीवाल्याची हाक बरीचशी येतच राहील, कारण हे तंत्र खालच्या पट्टीतल्या, सतत चालणाऱ्या आवाजांवरच जास्त चालतं. ते चालू केल्यावर काहींना कानांना दडे बसल्यासारखं होतं, गाण्याचा बाजही बदलतो. म्हणून दोन्ही तऱ्हांनी ऐका. ठाण्यात तलावपाळीवर, म्हणजे तलावाकाठी, वाऱ्यात एक फेरी मारा, बाहेरच्या माइकमध्ये वारा फडफडतो का ते कळेल. रस्ता ओलांडताना मात्र हेडफोन गळ्यात ठेवा.

गाडीत आवाज किती वाढवावा लागतो, ते लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक, पण ९० ला फक्त ४ तास. चांगली बसणारी गादी आवाज कमी ठेवू देते, हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा.

शेवटची पायरी परतीची मुदत संपण्याआधी करा. खोकं जपून ठेवा, पंखा लावून सलग तासभर ऐका आणि मग काढा. कानामागे लाल वळ, टाळूवर दुखरी जागा, कानशिलांत जडपणा यातलं काहीही जाणवलं, तर आवाज कितीही आवडला असला तरी दुसऱ्या दिवशी परत करा.