स्पेक्ट्रोमीटरने मातीतला सेंद्रिय कर्ब काढताय? या चुका टाळा

स्पेक्ट्रोमीटर म्हणजे मातीवर प्रकाश टाकून कोणत्या तरंगलांबीचा किती परत येतो ते मोजणारं मशीन, आणि मॉडेल म्हणजे त्या मोजणीवरून कर्बाचा अंदाज काढणारं गणित. मशीन हातात आलं की पहिल्याच दिवशी शंभर नमुने स्कॅन करायची घाई, आणि महिन्याभराने फोन, "मॅडम, मॉडेल चालत नाही." बहुतेक वेळा मॉडेलचा काही दोष नसतो हो, माती नीट वाळवलेली नसते.

ओली माती गडद दिसते, अख्खा स्पेक्ट्रम (परत आलेल्या प्रकाशाचा आलेख) खाली बसतो, १४०० आणि १९०० नॅनोमीटरजवळचे पाण्याचे खड्डे खोल होतात आणि मॉडेल त्या गडदपणालाच कर्ब समजून बसतं. आपल्या काळ्या भारी मातीची ढेकळं वरून कोरडी दिसतात पण फोडली की आत गारवा लागतो, म्हणून मी प्रत्येक नमुना बोटांनी फोडूनच बघते, पावसाळ्यात तर ४० अंशाला ओव्हनमध्ये ठेवते, मग २ मिमीची चाळणी. पूर्ण वाळवूनही १९०० चा खड्डा थोडा राहणारच, त्या चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी असतं, घाबरू नका.

आणि काळी म्हणजे कर्बाने भरलेली, हे डोक्यातून काढा! विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी काळ्या शेतांत कर्ब अर्धा टक्कासुद्धा नसतो. मोबाईलने फोटो काढून रंगावरून कर्ब सांगणाऱ्या शॉर्टकटवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक. एका मुलाने आर-स्क्वेअर (मॉडेलचा अंदाज खऱ्या आकड्यांशी किती जुळतो त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.९ च्या वर आणला, आम्ही सगळे खूश. प्रत्येक नमुन्याचे चार स्कॅन, दरवेळी कप ९० अंश फिरवून, इथपर्यंत उत्तम. पण सरासरी न काढता चारही ओळी शीटमध्ये टाकल्या आणि सॉफ्टवेअरला ७० टक्के ओळी शिकवायला (ट्रेनिंग) आणि ३० टक्के तपासायला (टेस्ट) अशी रँडम वाटणी करायला सांगितलं. शेजारच्या तालुक्यातली माती लावली तर सगळं कोसळलं, आणि पोरगं तीन आठवडे सॅवित्स्की-गोले, एसएनव्ही, असं एकेक प्रीप्रोसेसिंग (मॉडेलला देण्याआधी स्पेक्ट्रम साफ करायची गणितं) बदलत बसलं. शेवटी मी शीट उघडली तर 'बी-१७' हा एकच नमुना तीनदा ट्रेनिंगमध्ये आणि एकदा टेस्टमध्ये. पेपर आधीच फुटलेला! मेहनत खरी होती त्याची, फार वाईट वाटलं. आधी सरासरी काढा, मग गावागावाने वाटणी करा. मी एक अख्खं गाव बाजूला ठेवते, त्याला शेवटपर्यंत हात लावत नाही.

मॉडेलला शिकवायला वापरता ते लॅबचे कर्बाचे आकडेही तपासा. रसायनाने कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, म्हणून १.३ ने गुणतात, कुणी गुणतं कुणी नाही, ते विचारून घ्या. जाळून कर्ब मोजणाऱ्या मशीनमध्ये चुनखडीचा कर्बही धरला जातो, आधी आम्लाने काढला नसेल तर. आणि एका फाईलमध्ये सेंद्रिय कर्ब, दुसरीत १.७२४ ने गुणलेला सेंद्रिय पदार्थ, असली खिचडी मी तीनदा पाहिलीय.

स्कॅन सुरू करण्याआधी मशीनचा दिवा अर्धा तास तापू द्या. पांढरा पॅनल (ज्याच्याशी मातीच्या प्रकाशाची तुलना होते तो) दर दहा नमुन्यांनी स्कॅन करा, आणि त्याला बोट लावू नका.

उरलेली माती फेकू नका, नंबर लिहून डब्यात ठेवा, शंका आली की त्याच मातीचा पुन्हा स्कॅन घेता येतो.