चालत्या-बोलत्या मुलाला पाजताना दुखतं तेव्हा

दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाजताना दुखतं असं कुणाला सांगितलं की समोरून एकच उत्तर येतं, "मग आता सोडव की." सोडवायचं असेल तर जरूर सोडवा. पण केवळ दुखतंय म्हणून घाईने सोडवायची वेळ सहसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यानंतरही, आई-मुलाला हवं तोवर पाजायला सांगते. मात्र ते दात-ओठ खात सोसायचं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. दुखण्याला कारण असतं आणि ते शोधता येतं.

माझी लेक आता पळते, बोलते आणि हक्काने कुशीत येऊन दूध मागते. तिच्या वयात निपल दुखू लागली की मी आधी वेळ बघते. तोंडात घेतल्या घेतल्या दुखतं, पूर्णवेळ दुखतं की पाजून झाल्यावर? एकाच बाजूला की दोन्हीकडे? पाळीच्या आधी वाढतं का? हे दोन-चार दिवस फोनमध्ये टिपून ठेवा. डॉक्टरांकडे जावं लागलं तरी ही टिपणं फार कामाची असतात.

सगळ्यात जास्त त्रास दातांचा आणि पकडीचा. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांत येतात, सुळे त्याच सुमारास किंवा थोडे नंतर, आणि मागच्या दाढा दोन वर्षांच्या आसपास. हिरड्या शिवशिवतात, मूल चावायला काहीतरी शोधत असतं. पण मूल नीट ओढत आणि गिळत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर आलेली असते, त्यामुळे त्याला चावता येत नाही. चावा बसतो तो पोट भरल्यावर, खेळात लक्ष गेल्यावर किंवा झोप लागताना. म्हणून गिळण्याकडे कान ठेवा. गिळणं थांबलं, जबडा घट्ट होतोय असं वाटलं, की स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवा आणि पकड सुटल्यावरच निपल बाहेर काढा. चावलंच तर झटक्याने ओढू नका, त्यानेच जखम मोठी होते. उलट मुलाला क्षणभर छातीशी जवळ घ्या, ते आपोआप तोंड उघडतं. मग शांतपणे "चावलं की दुखतं, आता दूध बंद" एवढंच सांगायचं आणि थोडा वेळ खरंच बंद ठेवायचं. पाजण्याआधी गार ओलं फडकं चावायला दिलं की पुष्कळ फरक पडतो. हिरड्या बधिर करणारी जेल मात्र नको. बेन्झोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना धोक्याची असते, शिवाय बधिर जिभेने मूल नीट पकडूही शकत नाही.

पकड बिघडते ती मुलाच्या कसरतींमुळे. उभं राहून, उलटं होऊन, मान वळवून पिताना ते हळूहळू घसरत फक्त टोकावर येतं, आणि टोकावर ओढलं की दुखणारच. या वयात आपल्या हातात एक गोष्ट असते जी तान्ह्या बाळाच्या वेळी नव्हती: मुलाला बोललेलं कळतं. "मोठ्ठा आ कर" हा खेळच करून टाका. छोटा आ केला तर बोटाने सोडवून पुन्हा मोठा आ करायला लावा. पोट आईकडे, नाक निपलसमोर, एवढं जमलं तरी खूप झालं. दुसऱ्या बाजूला बोटांनी चिमटे काढायची सवय असेल तर ती बाजू कपड्याने झाका आणि त्या हातात मऊ खेळणं द्या.

पकड ठीक आहे, दात येत नाहीत, तरी दोन्हीकडे हुळहुळतं? मग पाळीचं गणित बघा. पाळी पुन्हा सुरू झालेल्या अनेक जणींना बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंत दुखतं. शक्यता असेल तर गर्भधारणेची चाचणीही करा. गरोदरपणात हे दुखणं लवकर सुरू होतं, दूधही कमी होतं आणि पकड सुधारून फारसा उतार पडत नाही.

पाजून झाल्यावर निपल पांढरी पडते, मग निळसर किंवा लाल होऊन ठणकते, तर रक्तवाहिन्या आकसत असतात. लगेच कोरडा शेक द्या, गार वारा लागू देऊ नका. जळजळ, खाज, चकाकणारी गुलाबी त्वचा, विशेषतः अँटिबायोटिक घेतल्यानंतर, असं असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. मनाने मलम लावू नका. संसर्ग असेल तर आई आणि मूल दोघांनाही एकाच वेळी उपचार लागतात. कधी मुलाच्या तोंडातल्या अन्नाच्या कणांनीही त्वचा चिडते, त्यासाठी पाजण्याआधी त्याला पाणी पाजलं तरी पुरतं.

चिरा पडल्या असतील तर साबण लावू नका, ओले पॅड लगेच बदला आणि शुद्ध लॅनोलिनचा (लोकरीपासून मिळणाऱ्या मेणासारख्या मलमाचा) पातळ थर लावा. तो पुसावा लागत नाही. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला सहसा चालतं. आयबुप्रोफेनही चालतं, पण गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. दुखण्यासोबत कधी कधी अंगावर काटा येतो, मुलाला ढकलून द्यावंसं वाटतं. असं वाटणाऱ्या आईचं प्रेम कमी झालेलं नसतं. अशा वेळी मर्यादा घाला. "दहा म्हणेपर्यंत दूध" असं ठरवा, मोठ्याने मोजा आणि दहाला थांबा. पहिल्यांदा रडेल. शब्द पाळला तर मूल शिकतं.

ताप आणि स्तनाचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला, पू आला, जखम भरेना किंवा गाठ राहिली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. एकाच निपलवर खवले, खाज असलेला चट्टा मलमाने जात नसेल तरीही दाखवा. क्वचित ते कर्करोगाचं लक्षण असतं.

आणि सोडवायचं ठरलंच तर एकदम नको, दूध साठून स्तनदाह, म्हणजे स्तनाला वेदनादायक सूज, होऊ शकतो. दर काही दिवसांनी एक वेळ कमी करा, जड वाटलं तर आराम पडेल एवढंच दूध काढा. दुपारची वेळ आधी कमी करा, झोपण्यापूर्वीची सगळ्यात शेवटी. मुलं तीच सोडायला सगळ्यात जास्त वेळ घेतात.