मेहकर ते लोणार सायकलनं: सकाळी निघा, दिवेलागणीला घरी

समुद्र पाहायचा म्हटलं तं वऱ्हाडातून आख्खी रात्र गाडीत काढावी लागते, सायकलनं जायचं तं नावच नको. पण खारं पाणी, काठावरचा वारा आणि रात्रीच्या जेवणाला घरी वापस, एवढंच पाहिजे असल तं लोणारचं खारं सरोवर आहे ना आपलं. मेहकरहून सुलतानपूरमार्गे साधारण २५ किमी, म्हणजे जाऊन-येऊन ५० च्या आसपास, साध्या बिनगिअरच्या सायकलनंही आरामात होते. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, खरी मेहनत रस्त्यावर नाही, सरोवराच्या उतरणीत आहे. पाणी काठापासून जवळपास १३७ मीटर खाली, तिथं पायी उतरायचं अन् पायीच वर यायचं. पोट्टे सकाळी रस्त्यावर रेस लावतात अन् दुपारी चढताना दर पन्नास पावलांवर दगड शोधत बसतात. म्हणून जाताना पाय राखून ठेवा.

दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत जावं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन काय असते ते सांगायची गरज नाही, आणि पावसाळ्यात हिरवंगार दिसते खरं पण खालची वाट निसरडी होते.

आदल्या रात्रीच सायकल पाहून घ्या. चैनला तेल, ब्रेकचे रबर झिजले असतील तं बदला, हवा टाईट. बाभळीच्या काट्यासाठी जास्तीची ट्यूब, सोल्युशन, ठिगळं, पाना अन् हातपंप सोबत पाहिजेच, कारण मधात पंक्चर झालं तं दुकानापर्यंत ढकलत न्यावं लागते अन् सकाळी सकाळी दुकान उघडं असल याचा काही भरोसा नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी. खायला भाकर-ठेचा, शेंगदाणे, गूळ, केळी बास झालं, चिप्सचे पुडे नेऊ नका, त्यानं तहान वाढते अन् कचरा होतो तो वेगळा.

सहाच्या आत निघा. मेहकर-सुलतानपूर हा मोठा रस्ता आहे, ट्रक-एसटी जोरात असतात, तं डाव्या बाजूनं एकामागं एक चला, गप्पा मारायला शेजारी-शेजारी नका चालवू. मागं लाल लाईट लावाच, थंडीत धुकं असते अन् कापसाच्या गाड्याही याच दिवसात रस्त्यावर. आणि कोणी म्हटलं की समृद्धी महामार्ग जवळच आहे, चांगला गुळगुळीत रस्ता आहे, तिकडून जाऊ, तं ऐकू नका, तिथं मोटरसायकललाही बंदी आहे, सायकल तं दूरच. सुलतानपूरला चहा-नाश्ता करून घ्या, तिथून लोणारकडं वळलं की गर्दी कमी होते, मंग दोन्हीकडं हरभरा-तूर पाहत निवांत चालवा.

लोणारात पोचल्यावर आधी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहून घ्या, भिंतीवरचं कोरीवकाम जवळून बघण्यासारखं आहे, विष्णूनं लवणासुर राक्षसाला मारल्याची गोष्ट इथलीच. मंग धारेवर, म्हणजे गोमुखाजवळ. इथं गोड पाण्याची धार पडते अन् खाली सरोवर खारं, ही गंमतच आहे. सायकली वरच कुठंतरी माणसांच्या नजरेसमोर कुलूप लावून ठेवा, खाली नेऊच नका.

उतरायचं ते दहा-साडेदहाच्या आत. हे अभयारण्य आहे, तं वनविभागाचे लोक सांगतील त्याच वाटेनं जा, सरोवराचं पाणी वाढलेलं असलं तं काठावरच्या वाटा बुडतात, कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत जाता येते का ते वरच विचारून घ्या. वाटेत माकडं असतात, पिशवीचं तोंड बांधून ठेवा. खाली गेल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका, तो पाण्याचाच आहे. पाणी इतकं खारट-क्षारी आहे की पूर्वी यातून खार काढायचे, म्हणून तोंडात घेणं, पोहणं असले प्रकार नको. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खारेपणा वाढून त्यातले सूक्ष्मजीव वाढले म्हणून. आता गेल्यावर गुलाबी दिसल या आशेनं जाऊ नका, हिरवंच दिसते बहुतेक. आजूबाजूचा काळा दगड मात्र नीट पाहा, बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं असं विवर जगात फार कमी ठिकाणी आहे.

चढताना घाई नको, निम्मं पाणी चढासाठीच ठेवा. वर येऊन जेवण, थोडी पाठ टेकवणं. पायात दम उरला असल तं अंबर तळ्याजवळचा झोपलेला मारुती पाहून या, नसल तं राहू द्या. हिवाळ्यात सहालाच अंधार पडते, म्हणून तीनच्या आत परतीला लागा, आणि कोणाच्या पायात गोळे आले तं ओढाताण न करता लोणारहून मेहकरची एसटी पकडा, सायकल टपावर टाकता येते का ते कंडक्टरभाऊंना आधी विचारा.