बीटा ब्लॉकर, नाकाचा स्प्रे, डोळ्यांचे थेंब : या चुका टाळा

अनुकंपी चेतासंस्थेवर, म्हणजे ताणाच्या प्रसंगी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेवर, काम करणारी औषधे आजार ओळखत नाहीत. ती फक्त रिसेप्टर, म्हणजे पेशींवरील संदेश स्वीकारणारी केंद्रे, ओळखतात. १९४८ मध्ये औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन गट मांडले. पुढे बीटाचेही प्रकार लक्षात आले : बीटा-१ मुख्यतः हृदयात, तर बीटा-२ श्वासनलिकांच्या स्नायूंत. रुग्णांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ दोन गोष्टींच्या विस्मरणात असते : एकच रिसेप्टर अनेक अवयवांत असतो आणि दीर्घकाळ औषध चालू राहिले की रिसेप्टरही बदलतात.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे रक्तदाब ‘नॉर्मल’ आला म्हणून मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर औषधे एका दिवसात बंद करणे. ही औषधे बीटा रिसेप्टर अडवून धरतात तेव्हा पेशी त्यांची संख्या वाढवून भरपाई करतात; त्यामुळे औषध अचानक थांबले की शरीरातलेच अॅड्रिनॅलिन (ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक) या वाढीव रिसेप्टरवर तुटून पडते. नाडी धावू लागते, छातीत दुखते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन हे रक्तदाबाचे दुसरे औषध एकदम सोडल्यास रक्तदाब उसळतो, तोही एक-दोन दिवसांतच. म्हणून गोळ्या संपण्यापूर्वीच आणून ठेवाव्यात, चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून पुढचा डोस दुप्पट घेऊ नये आणि औषध बंद करायचेच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावे.

नाक मोकळे करणाऱ्या झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनच्या स्प्रेची तक्रार याच्या उलट असते. तो अल्फा रिसेप्टर उत्तेजित करून रक्तवाहिन्या आकुंचित करतो, पण काही दिवसांत रिसेप्टर दाद देईनासे होतात आणि परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते. मग आणखी स्प्रे, आणखी चोंदणे. तीन ते पाच दिवसांच्या पुढे तो वापरू नये. सवय जडलीच असेल तर आधी एका नाकपुडीतला आणि नंतर दुसरीतला वापर थांबवणे बऱ्याच जणांना जमते. दरम्यान मिठाच्या पाण्याचा, गरज भासल्यास डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइड स्प्रेचा आधार घेता येतो.

डोळ्यांत घालायचे थेंब अनेकांच्या लेखी औषधच नसते, आणि नेमके तिथेच फसते. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉल हेही बीटा ब्लॉकरच; ते अश्रुनलिकेतून नाकात उतरते, तेथून यकृताला वळसा घालून थेट रक्तात जाते आणि दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकते. दमा असल्यास किंवा नाडी मंद असल्यास ते नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे; थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन (अल्फा रिसेप्टर अडवणारे औषध) घेणाऱ्यांनीही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तसे सांगणे आवश्यक आहे, कारण या गोळीने बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि ती आधी बंद करूनही धोका पुरता टळत नाही.

मधुमेहींनी एवढे ध्यानात ठेवावे, की बीटा ब्लॉकर चालू असताना साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. अकारण घाम फुटल्यास साखर तपासावी. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाने हात थरथरणे सहसा गंभीर नसते, मात्र पंप वारंवार लागू लागला तर दमा आटोक्यात नाही असे समजून उपचार बदलून घ्यावेत.

अॅड्रिनॅलिनच्या इंजेक्शनच्या बाबतीत चूक होते ती उशिराची. तीव्र अॅलर्जीत श्वास कोंडू लागल्यावर अॅलर्जीच्या गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. ज्यांच्याजवळ तयार इंजेक्शन आहे त्यांनी ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत घ्यावे, पाय उंच करून आडवे व्हावे, श्वास घेणे जड जात असल्यास बसून राहावे, पण एकदम उठून चालू नये. बरे वाटले तरी रुग्णालयात जावे, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.