डीएचसीपी रिले लावताना या चुका टाळा

नवं व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) केलं, राउटरवर हेल्पर अ‍ॅड्रेसची ओळ (डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटणारा, सर्व्हर कुठे आहे ते सांगणारी) टाकली, तरी पीसीवर १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे सर्व्हरकडून काहीच न मिळाल्यावर पीसीने स्वतःच घेतलेला, पत्ता दिसतोय. मग आधी स्विच रीस्टार्ट होतो, नंतर सर्व्हर, आणि शेवटी कुणीतरी वैतागून हाताने स्टॅटिक आयपी टाकून मोकळा होतो. हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता लिहायलाच हवं.

रिलेचं काम आधी नीट समजून घ्या. क्लायंटची डिस्कव्हर, म्हणजे आयपीसाठीची पहिली हाक, ही ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून) असते आणि राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही. रिले ती उचलतो, ज्या इंटरफेसवर मिळाली त्याचा आयपी ‘जीआयअ‍ॅडर’ या रकान्यात भरतो आणि सर्व्हरला युनिकास्टने, म्हणजे थेट त्याच्याच पत्त्यावर, पाठवतो. सर्व्हर त्या पत्त्यावरून स्कोप (वाटायच्या पत्त्यांची रेंज) निवडतो आणि उत्तरही त्याच पत्त्यावर धाडतो. या शेवटच्या वाक्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

चाकणच्या एका कारखान्यात बारकोड स्कॅनरसाठी नवं व्हीलॅन काढलं होतं, गेटवे १०.२०.३०.१. एकाही स्कॅनरला आयपी मिळेना. मला बोलावलं तोवर तिथल्या मुलांनी स्विच बदलून पाहिला होता, स्कोप पुसून पुन्हा केला होता आणि लाइन थांबू नये म्हणून काही स्कॅनरना स्टॅटिक आयपी दिले होते. मी सर्व्हरवर वायरशार्क (येणारीजाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावलं. डिस्कव्हर व्यवस्थित येत होती, आत रिलेचा पत्ता १०.२०.३०.१ बरोबर होता. सर्व्हर लगेच ऑफर पाठवत होता. पुढे ती ऑफर स्वीकारणारी क्लायंटची रिक्वेस्ट नाही. पुन्हा डिस्कव्हर, पुन्हा ऑफर. म्हणजे जाण्याचा रस्ता ठीक, परतीचा बंद. सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे होता इंटरनेटचा फायरवॉल, आणि त्या फायरवॉलला जुनी व्हीलॅन माहीत होती, हे नवं नव्हतं. प्रत्येक ऑफर त्याच्या डिफॉल्ट राउटने इंटरनेटच्या दिशेला जाऊन वाया जात होती. एक स्टॅटिक राउट टाकला आणि स्कॅनर एकेक करून उठले.

तरी त्रास संपला नाही. ते घाईत दिलेले स्टॅटिक पत्ते स्कोपच्या रेंजमधलेच निघाले. सर्व्हरने तेच पत्ते दुसऱ्यांना वाटले आणि आयपी कॉन्फ्लिक्ट सुरू झाले. दोन मिनिटं वाचवण्यासाठी टाकलेला स्टॅटिक आयपी पुढे कुणाची तरी अख्खी शिफ्ट खातो, आणि तो कुणी, कुठे टाकला याची नोंद कधीच सापडत नाही. म्हणून माझी सवय अशी: कॉन्फिगला हात लावण्याआधी सर्व्हरवरून व्हीलॅनच्या गेटवेला पिंग. पिंगला उत्तर नाही, तर आधी राउटिंग आणि फायरवॉल बघायचा.

दुसरी माझी नावडती चूक स्नूपिंगची, म्हणजे स्विचने डीएचसीपीच्या पॅकेटवर ठेवलेल्या पहाऱ्याची. सिस्कोच्या अ‍ॅक्सेस स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं की तो क्लायंटच्या पॅकेटमध्ये आपणहून ऑप्शन ८२ (पॅकेट कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आलं त्याची नोंद) घुसवतो, पण जीआयअ‍ॅडर शून्यच ठेवतो. वरचा सिस्को रिले असं पॅकेट संशयास्पद मानून टाकून देतो. सर्व्हरपर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि दोष मात्र हेल्परवर जातो. यावर नेटवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘स्नूपिंग बंद करा’. कृपा करून करू नका. उद्या कुणी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला जोडेल आणि अख्ख्या मजल्याला १९२.१६८.१ चे पत्ते वाटत बसेल. ते अडवणारं स्नूपिंगच असतं. अ‍ॅक्सेस स्विचवर ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन’ द्या, किंवा रिलेच्या इंटरफेसवर ‘आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड’. मी पहिलं देतो. आणि अपलिंकला (सर्व्हरच्या दिशेने जाणाऱ्या पोर्टला) ट्रस्ट द्यायला विसरू नका.

हेल्परची ओळ क्लायंटच्या बाजूच्या इंटरफेसवर जाते, सर्व्हरच्या बाजूच्या नाही. हे अजूनही चुकतं.

सिक्युरिटीच्या नावाखाली कुठून तरी उचललेल्या टेम्प्लेटमध्ये ‘नो सर्व्हिस डीएचसीपी’ असेल तर सिस्कोवर रिलेही बंद पडतो. न वाचता पेस्ट करणाऱ्यांना हे सापडायला फार वेळ लागतो.

मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर रिलेचा लोकल अ‍ॅड्रेस स्वतः भरा. सर्व्हरही मायक्रोटिक असेल तर त्याच्या ‘रिले’ रकान्यात तोच पत्ता हवा, तिथे ०.०.०.० राहिलं तर तो फक्त थेट आलेल्या विनंत्यांना उत्तर देतो.

फायरवॉलवर फक्त रिले ते सर्व्हर एवढाच नियम ठेवणारेही बरेच भेटतात. पहिल्या दिवशी सगळं चालतं. पण लीजची, म्हणजे पत्ता जितक्या काळासाठी दिला त्याची, निम्मी मुदत संपली की क्लायंट रिलेला वगळून थेट सर्व्हरशी बोलतो, आणि तिथे अडतो. विंडोज सर्व्हरची नेहमीची लीज ८ दिवसांची, म्हणजे चौथ्या दिवसापासून फायरवॉलच्या लॉगमध्ये नकारांची रांग लागते. सातव्या दिवशी क्लायंट पुन्हा ब्रॉडकास्ट करतो, रिले ते पोहोचवतो आणि लीज वाढते, म्हणून कुणाची तक्रार येत नाही. क्लायंटच्या सबनेटमधून सर्व्हरच्या यूडीपी ६७ पोर्टला आणि तिथून परत ६८ ला वाट उघडी ठेवा. लीज तासाभराची करून एकदा अर्ध्या तासाने लॉग बघा, लगेच कळेल.