मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली? या चुका टाळा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत होते तेव्हाची गोष्ट. चौथीतली एक पोर ऐन मार्चच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसायची. विचारलं की "थंडी वाजते बाई." मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि आम्ही तिघींनी मिळून विचारायला सुरुवात केली. कुणी? कधी? कशानं? ती दाराकडंच बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून शाळेला आली नाही. महाराष्ट्रात चंदगडला मामाकडं धाडली, असं घरचे म्हणाले.

सगळ्यात मोठी चूक हीच, चौकशी आपणच करणं. पोर बोलेल तेवढं ऐकावं, तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवावं. "बाबांनीच मारलं ना?" असं तोंडात शब्द घातले की पुढं कोर्टात त्याचाच कीस पडतो. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, ते मोडावंच लागतं.

पुराव्याची वाट बघू नका. पुरावा शोधणं पोलिसांचं काम. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी 2012 च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. "शाळेचं नाव जाईल" म्हणणाऱ्यांपुढं कलम 21 ठेवावं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

मारहाण, उपासमार, हेळसांड असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. कन्नड पाटीवर 'मक्कळ सहायवाणी' दिसतं ते हेच. ऊसतोडीच्या खोपटात धाकट्याला सांभाळत बसलेली पोर म्हणजे दर वेळी आईबापाचा गुन्हा नव्हे, हे मला उशिरा कळलं. त्या घराला आधी अंगणवाडी आणि रेशन लागतं. तरी कळवावं; अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणारी बालकल्याण समिती म्हणजे पोरं उचलून नेणारी गाडी नाही.

आता आपल्याकडची खास चूक: कन्नड कागदावर न समजता सही. पोक्सोखाली दिलेली खबर, देणाऱ्याला वाचून दाखवायची असते. "मराठीत अर्थ सांगा, मग सही करते" असं सरळ म्हणा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मुलाला कन्नड येत नसेल तर दुभाषी मागा, पण बापाच्या पंगतीत बसणारे शेजारचे काका दुभाषी नकोत. जबाब मुलाच्या घरीही घेता येतो, आणि घेणारे पोलीस गणवेशात नसावेत.

गावच्या पंचांपुढं मिटवामिटवी नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, नाव, शाळा तर मुळीच नको. ओळख फोडणं हाही गुन्हाच.

आणि हद्द. "पोर महाराष्ट्रात गेली, आता आम्ही काय करणार?" हे ऐकून परत फिरू नका. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठंही घडो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. झीरो एफआयआर म्हणतात ती हीच. त्या वेळी मी मात्र परत फिरले. त्या पोरीचा दाखला न्यायलासुद्धा कुणी आलं नाही.